संगणकीय खेळांची सुसंगती : असमर्थता आणि नकार

१

संगणकीय खेळाला कलाकृती मानावे की मानू नये, हा वाद आता जुना झाला आहे. त्याचा निर्णय कोणत्याही बाजूने लागो. ज्या क्षणी अभ्यासक खेळाकडे संहिता म्हणून पाहू लागतो, त्या क्षणी कोणत्याही संहितेसंबंधी विचारले जाणारे पहिले प्रश्न खेळालाही लागू होतात. ही संहिता उपलब्ध आहे काय? ती वाचता येते काय? आणि जी वाचली जाते ती मूळचीच आहे काय? ग्रंथाच्या बाबतीत कागद टिकला आणि लिपी अवगत असली, म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर मिळते. खेळाची गोष्ट निराळी आहे. खेळाची प्रत शाबूत असते, तिच्यातील एकही अक्षर झडलेले नसते, आणि तरीही नव्या यंत्रावर तो खेळ सुरूच होत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीची कृती शिलालेखाहून दुर्बोध व्हावी, ही वाङ्मयाच्या इतिहासात अपूर्व म्हणावी अशी अवस्था आहे.

या अवस्थेचे वर्णन करताना व्यवहारात एकच शब्द वापरला जातो: खेळ यंत्राशी ‘सुसंगत’ नाही. हा शब्द फसवा आहे. त्यातून असे सूचित होते की, खेळ आणि यंत्र यांच्यात काही नैसर्गिक वितुष्ट आहे, भिन्न प्रकृतीचे दोन पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत एवढेच, आणि त्यात कोणाचा दोष नाही. वस्तुतः ‘खेळ चालत नाही’ या एका वाक्याखाली किमान चार भिन्न प्रकारच्या घटना येतात. यंत्राला खेळाची भाषा कळत नाही, ही त्यांतील पहिली. भाषा कळते पण लय साधत नाही, ही दुसरी. भाषा व लय दोन्ही जमतात, पण खेळाला लागणारी सामग्री पुरवणारे कोणी नसते, ही तिसरी. आणि सर्व काही जमत असूनही चालण्याची परवानगी मिळत नाही, ही चौथी. पहिल्या तिहींत यंत्राची असमर्थता आहे. चौथीत कोणीतरी दिलेला नकार आहे. गेल्या तीस वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, असमर्थतेवर मात करण्यात मनुष्याची बुद्धी आश्चर्य वाटावे इतकी यशस्वी झाली आहे, आणि नकारापुढे मात ती वारंवार थांबली आहे. हा भेद न केल्यामुळे या विषयावरील बहुतेक चर्चा निष्फळ होते. तो करून पाहणे हाच प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम भाषेचा विचार करू. प्रोसेसर हा संगणकाचा आज्ञा पाळणारा भाग. त्याला कळणाऱ्या आज्ञांची एक ठरावीक यादी असते. तिला आज्ञासंच म्हणता येईल. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरापासून निघालेली एक्स८६ ही परंपरा आणि ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जन्मलेली आर्म ही परंपरा, हे आजचे दोन प्रमुख आज्ञासंच होत. बहुतेक संगणकीय खेळ पहिल्या परंपरेच्या भाषेत प्रसिद्ध झालेले आहेत. आर्मच्या प्रोसेसराला त्यातील एकही आज्ञा थेट कळत नाही.

ही अडचण सर्वांत मूलभूत, आणि म्हणून सर्वांत दुस्तर असेल, अशी कोणाचीही कल्पना होईल. अनुभव नेमका उलट आहे. अॅपल कंपनीने आपल्या मॅक संगणकांचा आज्ञासंच तीन वेळा बदलला: १९९४ साली मोटोरोलाच्या ६८००० परंपरेकडून पॉवरपीसीकडे, २००६ साली पॉवरपीसीकडून इंटेलकडे आणि २०२० साली इंटेलकडून आर्मकडे. प्रत्येक वेळी जुन्या आज्ञांचे नव्या आज्ञांत रूपांतर करणारी योजना तिने बरोबर दिली. शेवटच्या दोन वेळी या योजनेचे नाव ‘रोझेटा’ असे होते. २०२० सालच्या ‘रोझेटा २’ ची कार्यपद्धती भाषांतराच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. ती प्रोग्रॅम प्रथम सुरू होण्यापूर्वीच त्याचे शक्य तेवढे लेखी भाषांतर करून ठेवते. आणि जो मजकूर प्रोग्रॅम चालू असतानाच नव्याने तयार होतो, त्यासाठी दुभाष्याप्रमाणे जागच्या जागी रूपांतर करते. त्या वर्षी जून महिन्यात ही योजना जाहीर करताना अॅपलने ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ हा इंटेलसाठी रचलेला खेळ आर्म यंत्रावर चालवून दाखवला होता.

तथापि शब्दाला शब्द मिळाला म्हणजे भाषांतर झाले, असे येथेही म्हणता येत नाही. एक्स८६ परंपरेत एक अलिखित म्हणावा असा शिष्टाचार आहे. प्रोसेसरच्या एका गाभ्याने स्मृतीत दोन नोंदी ज्या क्रमाने केल्या, त्याच क्रमाने त्या इतर गाभ्यांना दिसतात. आर्म परंपरेत या क्रमाची अशी हमी नाही. ज्या खेळात अनेक कामे एकाच वेळी वेगवेगळ्या गाभ्यांवर चालतात, त्याच्या कर्त्याने हा क्रम नकळत गृहीत धरलेला असतो. त्याचा उल्लेख संहितेत कोठेही सापडत नाही. केवळ आज्ञांचे भाषांतर केले तर अर्थ शाबूत राहून व्यवहार बिघडतो. यावर अॅपलने योजलेला उपाय असा की, भाषांतरित प्रोग्रॅम चालू असेपर्यंत प्रोसेसरानेच एक्स८६ चा क्रम पाळावा, अशी सोय प्रोसेसराच्या रचनेतच केली. भाषांतरकाराच्या सोयीसाठी लक्ष्यभाषेने आपले व्याकरण काही काळ बदलावे, असे उदाहरण वाङ्मयीन भाषांतरात शोधूनही सापडणार नाही.

दुसरे एक उदाहरण भाषांतरमीमांसेतील जुन्याच वादाची आठवण करून देणारे आहे. एक्स८६ परंपरेतील जुना गणित-विभाग अपूर्णांकांचे हिशेब ८० बिटांच्या सूक्ष्मतेने करतो. आर्मजवळ तशी सोय नाही. ती सूक्ष्मता प्रोग्रॅमच्या आधारे निर्माण करावी लागते आणि त्यात वेग खर्ची पडतो. लिनक्सवर एक्स८६ चे आर्ममध्ये रूपांतर करणाऱ्या ‘फेक्स’ या एम्युलेटरने म्हणून वापरणाऱ्यापुढे विकल्प ठेवला आहे: ८० बिटांची अचूकता राखावी, अथवा ६४ बिटांवर समाधान मानून वेग साधावा. मूलनिष्ठ भाषांतर की प्रवाही भाषांतर, हा प्रश्न येथे अक्षरशः एका कळीवर येऊन बसला आहे. आणि साहित्यात जसे, तसेच येथेही, कोणता विकल्प योग्य हे कृतीच्या प्रकृतीवरून ठरते. व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ‘स्टीम फ्रेम’ या आर्म प्रोसेसराच्या उपकरणासाठी हाच एम्युलेटर स्वीकारला, यावरून ही विद्या प्रयोगशाळेतून बाहेर पडली आहे हे स्पष्ट होते.

३

भाषेपेक्षा लय अधिक नाजूक असते. टाइटो कंपनीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ १९७८ साली जपानमध्ये निघाला. तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेल्या या खेळात ५५ परग्रहवासी पडद्यावरून पायरी-पायरीने खाली उतरतात. त्यातील इंटेल ८०८० हा प्रोसेसर इतक्या आकृती वेगाने रेखाटू शकत नव्हता, म्हणून आरंभी त्या संथ चालत. खेळाडूने एकेक आकृती नष्ट केली की यंत्रावरचा भार हलका होई आणि उरलेल्यांची चाल वाढे. शेवटची उरलेली आकृती तर अंगावर धावून येई. निशिकादो यांनी हा परिणाम दुरुस्त न करता तसाच ठेवला, आणि वाढत्या दडपणाचा जो अनुभव या खेळाचे सर्वस्व ठरला, तो त्यातून निर्माण झाला. येथे प्रोसेसरची दुर्बलता ही कृतीच्या रसाचे कारण आहे. हाच खेळ समर्थ यंत्रावर ‘सुधारून’ सर्व आकृती एकाच वेगाने चालवल्या, तर प्रत्येक आज्ञेचा अर्थ जागच्या जागी राहील आणि खेळ मात्र नाहीसा होईल.

लय चुकल्याचे दुसरे उदाहरण १९९६ सालच्या ‘क्वेक’ या खेळाचे. इड सॉफ्टवेअरच्या या खेळातील चित्रण मायकेल अॅब्रॅश यांनी इंटेलच्या पेंटियम प्रोसेसराच्या एका विशिष्ट गुणावर बेतले होते. पेंटियमच्या गणित-विभागाला भागाकारास पुष्कळ वेळ लागे. परंतु तो भागाकार चालू असताना प्रोसेसरचा दुसरा विभाग इतर कामे करू शके. म्हणून दर १६ बिंदूंना एक भागाकार सुरू करावयाचा आणि तो पूर्ण होईपर्यंत ते बिंदू रंगवून घ्यावयाचे, अशी त्यांनी दोहोंची जुळणी केली. सिरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा प्रोसेसर त्याच भाषेतील होता, नित्याच्या कामांत तो वेगवानही होता. पण त्याच्या गणित-विभागात ही जुळणी साधत नव्हती. परिणामी तोच खेळ, त्याच आज्ञा, तीच कार्यप्रणाली, आणि तरीही ‘क्वेक’ त्याच्यावर रखडत चालला. ‘सुसंगत’ या शब्दाची मर्यादा येथे स्पष्ट दिसते. सिरिक्सचा प्रोसेसर पूर्ण सुसंगत होता. फक्त त्याच्यावर खेळ रंगत नव्हता. नाट्यसंहितेतील प्रत्येक शब्द नटाने बिनचूक म्हटला तरी प्रयोग पडतो, त्यातलाच हा प्रकार.

याच्या उलट, यंत्र फार वेगवान झाल्यानेही लय बिघडते. १९८१ सालच्या आयबीएमच्या व्यक्तिगत संगणकाचा ठोका सेकंदाला ४७ लाख ७० हजारांचा होता. त्या काळच्या कित्येक खेळांनी हाच ठोका आपला ताल म्हणून गृहीत धरला. पुढच्या वेगवान यंत्रांवर ते खेळ डोळ्याचे पाते लवण्याआधी संपू लागले. ‘टर्बो’ नावाची एक कळ त्या काळच्या संगणकांवर असे. तिच्या नावावरून वाटेल त्याच्या उलट, यंत्र मंद करण्यासाठीच ती उपयोगी पडे. २००२ साली आलेल्या ‘डॉसबॉक्स’ या एम्युलेटरने ही सत्ता अधिक बारकाईने वाचकाच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या, हाती दिली: यंत्राचा वेग किती असावा हे तो आकड्यात सांगू शकतो. ही सोय मोठी खरी. पण त्यामुळे एक पाठचिकित्सेचा प्रश्न उभा राहतो. दोन अभ्यासकांनी तोच खेळ दोन वेगांनी खेळून त्याच्या कठीणपणाविषयी परस्परविरुद्ध मते दिली, तर त्यांतील कोणाची प्रत प्रमाण मानावयाची? बहुतेक लेखनात वेगाची नोंदच नसल्यामुळे हा प्रश्न विचारण्याचीही सोय राहत नाही.

४

तिसरी अडचण आश्रयाची. खेळ प्रोसेसराशी सारखा थेट बोलत नाही. पडद्यावर चित्र उमटवणे, ध्वनी काढणे, फाइल उघडणे, कळ दाबली गेली आहे काय हे पाहणे, या सेवा त्याला कार्यप्रणालीकडून मिळतात. विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तीन कार्यप्रणालींच्या सेवा मागण्याच्या रीती भिन्न आहेत. म्हणून प्रोसेसर तोच असूनही विंडोजचा खेळ लिनक्सवर मुका राहतो.

या ठिकाणी १९९३ साली सुरू झालेला ‘वाइन’ हा उपक्रम विचारात घ्यावा लागतो. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड यांच्याकडे आहे. ‘वाइन हे एम्युलेटर नव्हे’ असा त्याच्या नावाचाच विस्तार आहे आणि तो नम्रतेने नव्हे, शास्त्रीय काटेकोरपणाने केलेला आहे. वाइन आज्ञांचे भाषांतर करीत नाही. प्रोसेसर तोच असल्याने त्याची गरजही नसते. ते विंडोजच्या सेवांची लिनक्सच्या आधारे पुनर्रचना करते. खेळाने दार ठोठावले की आतून विंडोजच्याच स्वरात उत्तर येते, एवढी ती योजना आहे. पण हे उत्तर हुबेहूब असावे लागते, आणि हुबेहूबपणात मूळच्या चुकाही येतात. अनेक खेळ विंडोजच्या लिखित नियमांवर अवलंबून नसून तिच्या प्रत्यक्ष वागणुकीवर अवलंबून असतात. ती वागणूक सदोष असली तरी. म्हणून वाइनच्या कर्त्यांना मूळ प्रणालीचे दोषही अभ्यासून तसेच उतरवावे लागतात. अपपाठालाही प्रमाण मानणारी ही संपादनपद्धती एरवी विचित्र वाटली असती. येथे तिच्यावाचून इलाज नाही.

चित्रणाच्या सेवा ही वाइनची दीर्घकाळची दुबळी बाजू होती. २०१८ च्या आरंभी फिलिप रेबोले यांनी ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. विंडोजच्या डायरेक्ट-थ्रीडी या चित्रणभाषेचे तो २०१६ सालच्या व्हल्कन या मुक्त चित्रणभाषेत रूपांतर करतो. ‘निअर : ऑटोमाटा’ हा खेळ लिनक्सवर खेळता यावा, या एका इच्छेतून हे काम उभे राहिले. त्याच वर्षी २१ ऑगस्टला व्हॉल्व्हने वाइन आणि डीएक्सव्हीके एकत्र गुंफून ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केले, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच पायावर ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र विक्रीस आणले.

या यशाचा अर्थ लावताना त्याआधीचे अपयश ध्यानात घेतले पाहिजे. २०१५ साली याच कंपनीच्या पुढाकाराने लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन्स’ बाजारात आली होती. त्या वेळची भूमिका अशी होती की, खेळाच्या कर्त्यांनी लिनक्ससाठी स्वतंत्र, स्वकीय आवृत्ती काढावी. फार थोड्यांनी ती काढली, आणि तो प्रयत्न मावळला. सात वर्षांनंतर स्वकीय आवृत्तीचा आग्रह सोडून भाषांतराचा मार्ग धरला, तेव्हा तेच उद्दिष्ट साधले.

भाषांतरित आवृत्ती ही स्वकीय आवृत्तीहून नेहमीच कनिष्ठ, असा जो एक पूर्वग्रह या क्षेत्रात आहे, त्याची परीक्षा येथे करणे इष्ट ठरेल. तात्कालिक वेगाच्या दृष्टीने त्या पूर्वग्रहात तथ्य आहे. टिकाऊपणाच्या दृष्टीने मात्र तो खोटा ठरतो. व्हॉल्व्हने २०१० पासून ‘हाफ-लाइफ २’, ‘पोर्टल’ आणि पुढच्या वर्षी ‘पोर्टल २’ यांच्या मॅकसाठी खास रचलेल्या आवृत्त्या काढल्या. या आवृत्त्या ३२-बिट पद्धतीच्या होत्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएसच्या कॅटालिना या आवृत्तीने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणे पूर्णपणे बंद केले, आणि मॅकसाठीच जन्मलेल्या या कृती मॅकवर निर्जीव झाल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वाइनवर आधारलेल्या ‘क्रॉसओव्हर’ ने कॅटालिनावर ३२-बिट विंडोज प्रोग्रॅम चालवण्याची युक्ती साधली. जानेवारी २०२४ मधील वाइनच्या नवव्या आवृत्तीत तशीच सोय निराळ्या मार्गाने, आरंभी प्रायोगिक स्वरूपात, आली. याचा इत्यर्थ मोठा विलक्षण आहे. ज्या यंत्राच्या मातृभाषेत आवृत्ती निघाली, त्या यंत्रावर ती वाचता येत नाही. आणि परकीय प्रणालीसाठी रचलेल्या आवृत्तीला भाषांतराच्या द्वारे तेथेच वाट खुली होते. स्वकीय आवृत्ती कर्त्याने वाऱ्यावर सोडली की तिला वाली उरत नाही. भाषांतर करणारी मंडळी मात्र एका कृतीची नव्हे, एका संपूर्ण भाषेची देखभाल करीत असतात. त्या देखभालीचा लाभ त्या भाषेतील प्रत्येक कृतीला, विस्मृतीत गेलेल्या कृतीलाही, मिळतो.

५

कॅटालिनाचे उदाहरण आश्रयाच्या विवेचनात आले. परंतु बारकाईने पाहता ते चौथ्या वर्गाचे आहे. २०१९ साली मॅकमध्ये असलेले इंटेलचे प्रोसेसर ३२-बिट आज्ञा उत्तम प्रकारे पाळू शकत होते. असमर्थता कोणाचीच नव्हती. दुहेरी व्यवस्था सांभाळण्याचा भार नको, म्हणून प्रणालीच्या मालकाने ती सेवा काढून घेतली. २०१८ पासून त्याने तशी सूचनाही दिली होती. निर्णयामागे कारणे होती, हे मान्य केले पाहिजे; पण तो निर्णय होता, निसर्गनियम नव्हता.

विंडोजच्या बाबतीतही हेच घडले आहे. ६४-बिट विंडोज १६-बिट विंडोज प्रोग्रॅम चालवत नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच निघालेली आहे. १९९० च्या दशकातील कित्येक खेळ स्वतः ३२-बिट असून त्यांची प्रतिष्ठापना करणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा १६-बिट असे. नाटक सिद्ध आहे, नट सिद्ध आहेत, पण नाट्यगृहाचे दार उघडणाऱ्याची भाषा कोणी मानत नाही म्हणून प्रयोग रद्द, अशी त्यांची गत झाली. त्याच प्रोसेसरावर, ६४-बिट लिनक्सच्या आधारे, वाइन अशा १६-बिट विंडोज प्रोग्रॅमांना चालवू शकते. विंडोजचे जुने वाङ्मय विंडोजबाहेर अधिक सुरक्षित असावे, हा विरोधाभास मालकी आणि जतन या दोन वस्तू एक नसल्याचा पुरावा आहे.

नकाराचे निर्भेळ रूप मात्र रखवालदार प्रोग्रॅमांत दिसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलने बाराव्या पिढीचे प्रोसेसर विक्रीस आणले. त्यांत दोन प्रकारचे गाभे होते, काही वेगवान आणि काही काटकसरी. सुमारे पन्नास खेळ या प्रोसेसरांवर अडखळले. खेळांच्या आज्ञांत कोणतीही अडचण नव्हती. त्यांना जोडलेला नक्कलप्रतिबंधक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रकारच्या गाभ्याला दुसरेच यंत्र समजला आणि परवानगी नसलेल्या यंत्रावर खेळ चालू आहे असे मानून त्याने अटकाव केला. काही संगणकांत यावर तात्पुरता उपाय म्हणून स्क्रोल लॉक या जवळजवळ विस्मरणात गेलेल्या कळीने काटकसरी गाभे झोपवण्याची सोय करण्यात आली. पुढे २०२२ च्या आरंभापर्यंत खेळांच्या दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. कर्ते हयात होते म्हणून हे शक्य झाले. ज्या खेळाच्या कर्त्याचा व्यवसाय बंद पडला आहे, त्याचा रखवालदार पुढच्या एखाद्या प्रोसेसराला न ओळखता दार लावून बसला, तर ते कोणी उघडावयाचे?

अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत हा प्रश्न अधिक बिकट होतो, आणि तेथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. अशा खेळात एकाने कपट केले की इतर सर्वांचा खेळ नासतो. म्हणून फसवणूक-प्रतिबंधक प्रोग्रॅम कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या अगदी आतल्या गाभाऱ्यात, बसून पाळत ठेवतात. लिनक्सचे कर्नल वापरणारा स्वतः बदलू शकतो. तेव्हा त्यावर विश्वास कोणत्या आधारे ठेवावा, ही कंपन्यांची शंका निराधार नाही. शिवाय वाइन प्रणालीच्या बाहेरच्या दालनात वावरत असल्यामुळे विंडोजच्या कर्नलसाठी लिहिलेला रखवालदार तेथे उभाच राहू शकत नाही.

परंतु एवढ्यावरून हे सर्व तांत्रिक अपरिहार्यतेत जमा करता येत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘इझी अँटी-चीट’ आणि ‘बॅटलआय’ या दोन प्रमुख प्रतिबंधक यंत्रणांनी प्रोटॉनवर चालण्याची तयारी जाहीर केली. मात्र ती सोय स्वीकारावी की नाही, हे प्रत्येक खेळाच्या कर्त्यावर सोपवले. ‘एपेक्स लेजंड्स’ ने २०२२ साली ती स्वीकारली आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी, लिनक्सच्या मार्गाने होणाऱ्या कपटाचे कारण देऊन, काढून घेतली. त्या दिवशी कोणाच्या प्रोसेसरातील एक आज्ञाही कमी झाली नव्हती. ‘लीग ऑफ लेजंड्स’ हा खेळ वाइनच्या आधारे अनेक वर्षे लिनक्सवर खेळला जात असे. मे २०२४ मध्ये कर्नलमधील रखवालदार सक्तीचा झाल्यावर तो बंद झाला. अशा ठिकाणी ‘खेळ लिनक्सशी सुसंगत नाही’ असे लिहिणे म्हणजे ज्याला प्रवेश नाकारला त्याला चालता येत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

येथे एक विवेक आवश्यक आहे. स्पर्धेचा खेळ ही एक सामाजिक घटना आहे. तेथील न्यायाच्या रक्षणासाठी काही दारे बंद राहिली तर तो त्या घटनेचाच नियम समजावा. पण एकट्याने, घरी बसून, कोणाचेही नुकसान न करता अनुभवावयाची कृती ही ग्रंथासारखी आहे. विकत घेतलेला ग्रंथ कोणत्या दिव्याच्या प्रकाशात वाचावा, हे ठरवण्याचा अधिकार प्रकाशकाला नसतो.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. आज्ञासंचाची भिन्नता हा खेळांच्या जतनातील सर्वांत मोठा अडथळा आहे, ही समजूत टिकत नाही. तो अडथळा सर्वांत खोल असूनही सर्वांत चांगला ओलांडला गेला आहे. लयीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, पण तो कळला आहे. आश्रयाचा प्रश्न स्वकीय आवृत्तीपेक्षा सामूहिक भाषांतराने अधिक समाधानकारक रीतीने सुटतो. उरतो तो अधिकाराचा प्रश्न, आणि तो कोणत्याही नव्या प्रोसेसराने सुटणारा नाही.

कर्त्यांच्या दूरदृष्टीची उदाहरणेही इतिहासात आहेत. इन्फोकॉम संस्थेने १९८० च्या सुमारास आपले ‘झोर्क’ आदी शब्दमय खेळ कोणत्याही प्रत्यक्ष प्रोसेसरासाठी न लिहिता ‘झेड-मशीन’ नावाच्या एका काल्पनिक यंत्रासाठी लिहिले. त्या काळचे बहुविध संगणक केव्हाच मोडीत निघाले. ते काल्पनिक यंत्र आजच्या कोणत्याही संगणकावर उभे करता येते. इड सॉफ्टवेअरने १९९३ सालच्या ‘डूम’ ची मूळ प्रोग्रॅम-संहिता १९९७ मध्ये आणि ‘क्वेक’ ची १९९९ मध्ये खुली केली; त्यामुळे या दोन कृतींपुरता सुसंगतीचा प्रश्न जवळजवळ संपलाच. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केले, ते प्रती त्यांच्या हाती पडू शकल्या म्हणून. संहिता हाती येणे ही कोणत्याही शुद्धीची पूर्वअट आहे. आणि मालकालाही या ऋणाची जाणीव होऊ शकते, हे अलीकडे दिसले: अॅपलने २०२५ साली रोझेटा २ क्रमाने बंद करण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा मॅकओएस २७ नंतरही तिचा काही अंश कोणी देखभाल करीत नसलेल्या जुन्या खेळांसाठी राखून ठेवण्याचे आश्वासन दिले. पहिली रोझेटा २०११ मध्ये पाच वर्षांतच निरोपाविना गेली होती. हे पाहता हा फरक लहान नाही. तरीही ते आश्वासनच आहे, हक्क नव्हे.

अभ्यासकाच्या वाट्याला येणारे कर्तव्य त्यामानाने साधे आहे. हस्तलिखिताचा उल्लेख करताना प्रत कोणती, लेखनकाल कोणता, लिपी कोणती हे सांगण्याची शिस्त जशी रूढ आहे, तशीच खेळाचा आधार देताना आवृत्ती, प्रोसेसर, कार्यप्रणाली, मधले भाषांतर-साधन आणि जेथे लयीचा संबंध येतो तेथे यंत्राचा वेग, या पाच गोष्टी नोंदवण्याची शिस्त संशोधनात आली पाहिजे. त्याशिवाय एका अभ्यासकाचे निरीक्षण दुसऱ्याला पडताळता येणार नाही. आणि एखादा खेळ चालत नाही असे आढळले, तर ‘विसंगत’ हा शब्द लिहून न थांबता आणखी एक वाक्य लिहिले पाहिजे: यंत्राला तो चालवता येत नाही, की कोणी तो चालू देत नाही. पहिल्या प्रकारच्या वाक्यांची संख्या वर्षागणिक घटत जाईल, असे आजवरच्या वाटचालीवरून निश्चित म्हणता येते. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांची नोंद जर अभ्यासकांनीच ठेवली नाही, तर या कृती काळाने नेल्या असे पुढच्या पिढीला वाटेल. आणि ते खरे असणार नाही.